शेवटची गाडी, पाइपमधला माल आणि धुण्याचं पाणी : उंटवाडीकडच्या एका स्लॅबचं प्रकरण

साइट नाशिकच्या उंटवाडीच्या बाजूची. सातवा स्लॅब, जमिनीपासून २१ मीटर वर. खाली स्टेशनरी पंप, त्यापासून १२५ मिलिमीटर व्यासाची लाइन: जमिनीवर ३८ मीटर आडवी, मग २१ मीटर उभी, स्लॅबवर १३ मीटर, मिळून ७२ मीटर. काँक्रीट एम-३० (ही ताकदीची प्रत), सहा घनमीटरच्या मिक्सर गाड्या. प्रकरण कुठल्या एका कंपनीचं नाही. नाशिकच्या साइटवर नेहमी दिसणारी परिस्थिती आकड्यांत मांडली आहे, म्हणजे कुठे काय बिघडतं ते मोजून दाखवता येतं.

ड्रॉइंगप्रमाणे २८० चौरस मीटर स्लॅब १५० मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ४२ घनमीटर. स्लॅबखालचे बीम १८. एकूण ६०. सांडणं, शटरिंग फुगणं, जाडी थोडी जास्त जाणं यासाठी दोन टक्के धरले तर ६१.२. सुपरवायझरनं अकरा गाड्या सांगितल्या, म्हणजे ६६. एप्रिल महिना, ऊन कडक. संध्याकाळी पावणेसहाला शेवटचा कोपरा भरला तेव्हा अकराव्या गाडीत ३.६ घनमीटर माल शिल्लक होता. लाइनमध्ये ०.९ आणि हॉपरमध्ये, म्हणजे पंपात माल ओतायच्या पेटीत, ०.३ वेगळे. मिळून ४.८ घनमीटर. एका घनमीटरला २,४०० किलो धरले तर साडेअकरा टन.

त्यानंतर बहुतेक साइटवर जे होतं तेच इथंही झालं. ड्रायव्हर घाईत, कारण ड्रममध्ये माल चढला, म्हणजे घट्ट झाला, तर तो काढायला हॅमर घेऊन माणूस आत उतरवावा लागतो. त्यानं ड्रममध्ये पाणी मारलं आणि माल शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ओतला. पंपवाल्यानं कॉम्प्रेसर लावून लाइन फुंकली. हॉपर धुतल्याचं राखाडी पाणी उताराच्या दिशेनं रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात गेलं. तासाभरात साइट मोकळी. चारही ठिकाणी चूक झाली, आणि चारही चुका दुपारीच टाळता आल्या असत्या.

३.६ घनमीटर आले कुठून

सगळ्यात मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे. माल उरतो तो बहुधा सहाच्या पाढ्यामुळे. ६१.२ ला दहा गाड्या कमी पडतात म्हणून अकरावी पूर्ण मागवायची, हा हिशोब ऑफिसमध्ये बसून केलेला असतो. सुपरवायझरची भीती मात्र खोटी नाही. स्लॅब सरासरी १० मिलिमीटर जाड गेला तर २८० चौरस मीटरला २.८ घनमीटर जास्त लागतात, आणि स्लॅब अर्धवट राहून थंड जोड (आधीचा माल घट्ट झाल्यावर नवा ओतला की पडणारा कच्चा सांधा) पडला तर नुकसान मोठं. म्हणून तो एक गाडी जास्तीची सांगतो.

यावर उपाय आहे तो मोजण्याचा. नववी गाडी हॉपरला लागली की एका माणसानं टेप घेऊन वर जायचं. उरलेला भाग लांबी गुणिले रुंदी मोजायचा, न भरलेले बीम वेगळे धरायचे, आणि ताज्या मालात सळई खुपसून पाच-सहा ठिकाणी जाडी बघायची. जाडी १५० ऐवजी १६० भरत असेल तर उरलेल्या भागालाही १६० धरायची. या साइटवर नऊ गाड्यांचे ५४ घनमीटर आले, त्यातले १.२ लाइन आणि हॉपरमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये ५२.८. लागणारे ६१.२. बाकी ८.४. दहावी गाडी सहा देणार, म्हणजे अकराव्या गाडीतून लागतात २.४. काँक्रीटच्या प्लँटला फोन एवढाच : "दहावी पूर्ण पाठवा, अकरावी अडीचची करा, आम्ही मोजलंय." फोन नवव्या गाडीलाच करायचा, कारण दहावी लागेपर्यंत प्लँटवर अकरावीची बॅच चढलेली असते आणि मग चलन बदलत नाही.

अर्ध्या गाडीचा जादा आकार काही प्लँट लावतात. तो द्यावा. साडेतीन घनमीटर मालाची किंमत, तो उचलायला ब्रेकर आणि डंपर, आणि शेजाऱ्याशी होणारं भांडण, हे सगळं त्याहून महाग पडतं.

एवढं केलं असतं तर उरला असता १.३ घनमीटर : लाइनमधला ०.९, हॉपरमधला ०.३ आणि गाडीत तळाला राहिलेला ०.१. म्हणजे साडेअकरा टनांऐवजी तीन टनांच्या थोडं वर. हॉपरमधला ०.३ टाळता येत नाही. माल ढवळणाऱ्या दांड्याच्या खाली गेला की पंप हवा ओढतो, ती हवा लाइनमध्ये दाबली जाते आणि वरच्या तोंडातून माल गोळीसारखा उडतो. शेवटचं घमेलं वाचवायच्या नादात हॉपर कोरडा पळवणाऱ्या ऑपरेटरला तिथंच थांबवायला हवं.

लाइन रिकामी करणं

१२५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला सव्वाबारा लिटर माल बसतो. ७२ मीटरला जवळजवळ ८८० लिटर. पण वजनापेक्षा दाब लक्षात ठेवायचा. पंप बंद असला तरी उभ्या २१ मीटरमधला सहाशे किलोंहून जास्त माल खालच्या बेंडवर बसलेला असतो, आणि त्याचा दाब साधारण पाच बार भरतो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास निम्म्याहून जास्त. "पंप बंद आहे, क्लॅम्प खोल" असं हेल्परला सांगणं किती धोक्याचं ते यावरून कळावं. क्लॅम्प सुटला की पाइप झटका देतो आणि सगळा स्तंभ खाली येतो.

म्हणून उभ्या लाइनच्या आधी, पंपाजवळच्या आडव्या तुकड्यात शट-ऑफ व्हॉल्व्ह (माल अडवणारी झडप) बसवलेला असायलाच हवा, आणि तो लाइन जोडतानाच. भरून झाल्यावर त्याची आठवण येऊन उपयोग नाही.

लाइन साफ करायच्या तीन पद्धती. हवेनं फुंकणं सगळ्यांत झटपट आणि सगळ्यांत वाईट. हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी साठून राहते. लाइन पुसत जाणारा स्पंज बॉल मध्येच अडकला आणि सुटला की तोंडाशी असलेला रबरी होज सापासारखा फटके मारतो, समोर जो असेल त्याच्यावर माल आणि बॉल आदळतो. हवा वापरावीच लागली तर तोंडाचा रबरी होज आधी काढायचा, पाइपच्या तोंडाला बॉल अडवणारी जाळीची टोपली बांधायची, समोरचा सगळा भाग मोकळा करायचा आणि हवा सोडायचा कॉक ऑपरेटरच्या हातात ठेवायचा. स्लॅबच्या कडेवरून रस्त्याकडे तोंड करून फुंकायचं तर कधीच नाही. खाली माणसं चालत असतात.

पाण्यानं ढकलणं हवेपेक्षा सुरक्षित, कारण पाणी दबत नाही. लाइनमधला माल स्लॅबला लागत असेल तर ही पद्धत चांगली. पण ७२ मीटर ढकलायला तितकंच पाणी लागतं, सुमारे ९०० लिटर, आणि ते सगळं ताज्या स्लॅबवर आलं तर वरचा थर खराब होतो. बॉल पोचायच्या आधीच तोंड रिकाम्या पिंपावर धरायचं. बॉलच्या पुढचा ४०-५० लिटर पातळ झालेला माल स्लॅबमध्ये जाऊ द्यायचा नाही.

या साइटला तिसरी पद्धत योग्य होती : उलटा पंप. वरच्या तोंडात ओला स्पंज बॉल बसवायचा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, पंप रिव्हर्सला टाकायचा. उभा माल स्वतःच्या वजनानं खाली येतो, पंप तो ओढून हॉपरमध्ये घेतो. वर बॉल आत गेला की वरचा माणूस शिट्टी देतो, खाली बॉल हॉपरच्या तोंडाशी दिसला की पंप थांबवायचा. मधल्या वेळात बॉल कुठवर आला ते पाइपवर हलका हातोडा मारून कळतं : भरलेला पाइप बद्द वाजतो, रिकामा खणखणतो. माल ०.९ घनमीटर परत येतो, तो हॉपरमध्ये एकदम मावत नाही. म्हणून टप्प्याटप्प्यानं, हॉपरची खालची झडप उघडून, खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये.

बॉल परत आल्यावर मोजायचे. एक टाकला तर एक, दोन टाकले तर दोन. आत राहिलेला अर्धा बॉल पुढच्या स्लॅबला लाइन जाम करतो.

हॉपरची जाळी उचलायच्या आधी इंजिन बंद, चावी ऑपरेटरच्या खिशात, आणि हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटरचा (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीचा) दाब काटा बघून शून्यावर. इंजिन बंद केल्यावरही तिथं दाब शिल्लक राहतो आणि एस-व्हॉल्व्ह (हॉपरमधला माल लाइनकडे वळवणारी फिरती नळी) एकदा फिरू शकतो. त्या जागी हात असेल तर हात जातो. हे वाक्य सौम्य करून लिहिता येत नाही.

माल कुठे जाईल

दीड घनमीटरपर्यंतचा उरलेला माल साइटवरच जिरवता येतो, फक्त साचे सकाळी लावून, तेल मारून तयार हवेत. या हिशोबात ६०० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे चार, म्हणजे ०.८६ घनमीटर, आणि पार्किंगचे चाक अडवणारे ठोकळे, १.८ मीटर लांब, १५० बाय १५० चे, दहा, म्हणजे ०.४. मिळून जवळजवळ १.२७. राहिलेलं घमेलं-दोन घमेली ट्रेमध्येच पसरवायचं. एका चौकोनी ठोकळ्याचं वजन ५१८ किलो भरतं, हायड्रा क्रेन किंवा जेसीबीशिवाय हलत नाही, म्हणून उचलायचा हूक माल ओला असतानाच टाकायचा. हूक साध्या माइल्ड स्टीलच्या सळईचा. टीएमटी (स्लॅबला वापरतात ती पीळदार कडक सळई) वाकवून केलेला हूक झटक्याला तुटू शकतो, आणि पाचशे किलो खाली कोण उभं आहे ते बघून पडत नाहीत. ठोकळे पत्र्याच्या कुंपणाला, बॅरिकेडला, तात्पुरत्या खांबांना वजन म्हणून चालतात.

काही ठिकाणी हा माल लिंटेल, कोबा, कॉलमचं स्टार्टर, कव्हर ब्लॉक यांत घालायचा मोह होतो. तिथं तो जाता कामा नये. आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडीतून खाली करायचं असतं. हा माल त्यापुढचा, त्यात पंपाचं पाणी, लाइन ओली करायची सिमेंटची स्लरी आणि ड्रममध्ये मारलेलं पाणी मिसळलेलं. त्याची ताकद किती ते कुणालाच सांगता येत नाही. स्लरीचा सुरुवातीचा माल तर मुळातच पिंपात वेगळा धरायचा असतो, पहिल्या बीममध्ये सोडायचा नसतो.

ठोकळ्यांवर ओल्या मालातच खिळ्यानं तारीख आणि "भार" असा शब्द कोरून ठेवला तर पुढं कुणी त्यांना बांधकामात ओढत नाही.

या साइटसारखी खरीच पूर्ण गाडी उरली तर? ३.६ घनमीटरला साचे पुरत नाहीत. पहिला पर्याय, माल परत प्लँटला. प्लँटवर धुवून खडी-वाळू वेगळी करायचं यंत्र असेल तर उत्तमच. वाटेत माल चढू नये म्हणून ड्रममध्ये साखर घालतात : सिमेंटच्या वजनाच्या ०.२ ते ०.३ टक्के. ३.६ घनमीटरमध्ये साधारण १,४०० किलो सिमेंट धरलं तर तीन-चार किलो साखर, पाण्यात विरघळवून, आणि ड्रम पाच मिनिटं जोरात फिरवून. तो माल मग फक्त टाकायचाच. साखर घातलेला माल विसरून दुसऱ्या साइटला गेला तर स्लॅब दोन दिवस चढणार नाही, म्हणून चलनावर लाल पेननं लिहायचं.

दुसरा पर्याय, साइटच्या आतला गाड्यांचा रस्ता. मुरूम दाबलेल्या भागावर प्लास्टिक अंथरून माल १०० मिलिमीटर जाडीत पसरायचा. ३.६ घनमीटरला ३६ चौरस मीटर लागतात. अर्ध्या तासानं, माल बसू लागला की, पाइपचा तुकडा किंवा सळई दाबून दर मीटरला खाच पाडायची. काम संपल्यावर त्या खाचेवर पहारीनं फोडता येतो, एक-एक लादी जेसीबीच्या बकेटमध्ये येते. ढीग करून सोडला तर तोच माल पाचशे मिलिमीटरचा दगड होतो आणि ब्रेकर लावावा लागतो.

शेजारच्या प्लॉटचं तेच झालं. काळ्या मातीवर पडलेला ढीग दुसऱ्या दिवशी हलला नाही. मालक बांधायला लागला की पाया खणताना तो सापडणार. वर ढिगातून उतरलेलं चुन्याचं पाणी मातीत गेलं ते वेगळंच. बांधकामाचा कचरा रस्ता, गटार किंवा दुसऱ्याच्या जागेत टाकायचा नाही, ही जबाबदारी २०१६ च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांनी कचरा करणाऱ्यावरच टाकली होती; २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. कचरा तीन टन असो की तीस, तो कुठं गेला याची पावती फाईलला हवी. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी विचारून जागा ठरवली तर डंपरवाला रात्री नदीकाठी रिकामा करत नाही.

धुण्याचं पाणी

घट्ट झालेला माल निदान दिसतो आणि जागेवर राहतो. पाणी मात्र वाहून जातं, म्हणून नुकसान जास्त तेच करतं.

सिमेंट धुतलेल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) १२ ते १३. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला ५.५ ते ९ ची मर्यादा आहे. उंटवाडीतलं पावसाळी गटार नंदिनी नदीला, म्हणजे जुन्या नासर्डीला मिळतं, आणि नंदिनी आगर टाकळीला गोदावरीला. उन्हाळ्यात नंदिनीत प्रवाह असतोच किती? तिथं हे पाणी पोचलं की माशांचे कल्ले जळतात. "वरून दोन टँकर पाणी मारलं की झालं" हा समज आकड्यात बसत नाही. पीएच लॉगमध्ये मोजतात. १२.५ वरून ९ वर नुसत्या पाण्यानं यायचं तर तीन हजार पटींहून जास्त पाणी लागतं : हजार लिटरला तीस लाख लिटर. खऱ्या पाण्यातल्या क्षारांमुळे आकडा खाली येतो, पण दोन टँकरवर येत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर कामं निघालेली असताना अशा प्रत्येक साइटचं हजार लिटर शेवटी त्याच पात्राकडे जातं.

या स्लॅबचं पाणी मोजू. अकरा गाड्यांच्या चूट (माल सोडायच्या पन्हळी) धुवायला प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे ४४०. ड्रम साइटवर धुवायचाच नाही, तो प्लँटवर. पंप, हॉपर, पाइप मिळून ६००. एकूण हजारच्या थोडं वर. यासाठी ३ बाय २ मीटरचा, ६०० मिलिमीटर खोल खड्डा पुरतो : अर्ध्यापर्यंत भरला तरी १,८०० लिटर मावतात आणि वरचे ३०० मिलिमीटर पावसासाठी मोकळे राहतात. नाशिकचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळ काळा दगड पाणी पटकन आत ओढतो, आणि आजूबाजूला बोअर असतातच. त्यामुळं कच्चा खड्डा म्हणजे लांबून बोअरमध्ये ओतणंच. आत २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा अखंड कागद, जोड न देता, कडा बाहेर अर्धा मीटर वळवून वाळूच्या गोण्यांनी दाबलेल्या. खडीचं टोक कागद फाडतं, म्हणून खाली आधी जुनी गोणपाटं किंवा बारीक वाळू. गटाराच्या चेंबरपासून आणि बोअरपासून किमान १५ मीटर दूर, आणि चूट पोचेल अशा जागी. लांब असेल तर ड्रायव्हर तिथं जाणार नाही, कितीही पाटी लावा.

पावसाळ्यात ताडपत्री आणि भोवती बांध. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर या खड्ड्यात वरूनच ३०० लिटर येतात, उतारावरून येणारं वेगळं.

रात्रभरात गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी पुढच्या वेळी हॉपर धुवायला वापरायचं, त्यासाठी २०० लिटरचे दोन-तीन ड्रम पुरतात. झाडांना, क्युरिंगला किंवा नव्या काँक्रीटच्या बॅचला नाही. आम्ल ओतून पीएच उतरवायचा उद्योग साइटवर करू नये : प्रमाण चुकलं की उलटा प्रश्न तयार होतो आणि ओतणारा भाजतो. खड्डा तीन चतुर्थांश भरला की पुढचं धुणं थांबवून गाळ काढायचा. नाशिकच्या उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि गाळ दोन-तीन दिवसांत ढेपसासारखा निघतो, तो फोडून बांधकामाच्या कचऱ्यात.

धुणाऱ्या हेल्परकडे बघा. पायात चप्पल असेल तर काम थांबवा. ओलं सिमेंट लागल्या लागल्या दुखत नाही, म्हणून तो तसाच दोन तास उभा राहतो आणि रात्री गुडघ्याची कातडी निघते. गमबूट, रबरी हातमोजे, गॉगल, आणि बूट आतून ओला झाला तर लगेच काढून पाय धुणं. डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा मिनिटं, पापणी उघडी धरून, आणि मग सरळ दवाखाना. त्यासाठी वीस लिटरचा स्वच्छ पाण्याचा जार पंपाजवळ वेगळा ठेवायचा. धुण्याच्या ड्रममधलं पाणी डोळ्यात मारलेलं पाहिलं आहे, ते तर तेच विष.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचे उघडायच्या आधी लिटमस कागद खड्ड्यातल्या पाण्याला लावून बघायचा. तो अजून गडद निळाच दिसेल. ताडपत्री परत ओढायची, ठोकळ्यांवर पाणी मारायचं, आणि पुढच्या स्लॅबसाठी चार रिकामे साचे तेल लावून पंपाशेजारी उभे करायचे.